दावणीचें ऋण

गोठ्याला आग लागली असतां पहिलें काम कोणतें, असें आपल्याकडील कोणाहि शेतकऱ्यास विचारलें, तर तो क्षणाचाहि विचार न करतां सांगेल कीं, दावीं तोडावयाचीं. धान्याचें पोतें, कपडालत्ता, किडुकमिडुक हें सारें मागाहून. आधीं हातांत विळा घेऊन जनावरांच्या गळ्यांतील दावीं कापावयाचीं व त्यांस मोकळें करावयाचें. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्या बुडाशीं कांहीं नैतिक तत्त्व असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. बैल हें शेतकऱ्याचें धन आहे, म्हणून तो तें आधीं वांचवितो, असें अर्थशास्त्रज्ञ म्हणेल. आणि तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. परंतु भाकड गाय व थकलेला बैल यांचींहि दावीं त्याच घाईनें तोडलीं जातात. यावरून या रीतीच्या मुळाशीं धनाच्या हिशेबाहून निराळें असें कांहींतरी असावें असें दिसतें. तें काय असावें, आणि त्याची व्याप्ति कोठवर जाते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरण मात्र आपल्या गोठ्याचें न घेतां दूर देशचें घेतों. कारण तेथें हा प्रश्न अलीकडेच इतक्या मोठ्या प्रमाणावर व इतक्या उघड्या स्वरूपांत उभा राहिला कीं, त्याकडे डोळेझाक करणें कोणासहि शक्य झालें नाहीं.

ऑस्ट्रेलियांत २०१९ च्या मध्यापासून २०२० च्या आरंभापर्यंत जे वणवे पेटत राहिले, त्यांच्या संबंधांत तेथील सरकारनें पुढें एक शाही आयोग नेमला. त्या आयोगाच्या अहवालाप्रमाणें २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक भूमि या वणव्यांत होरपळली. म्हणजे महाराष्ट्राच्या एकंदर क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक. ३३ माणसें प्राणांस मुकलीं, आणि त्यांत ९ जण आग विझविण्यास गेलेले होते. तीन हजारांहून अधिक घरें जळालीं. २०१९ हें त्या देशाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडें वर्ष ठरलें. त्या वर्षीं हिंदी महासागराच्या पश्चिम भागांतील पाणी नेहमीपेक्षां ऊन व पूर्व भागांतील पाणी नेहमीपेक्षां गार राहिलें होतें. ऑस्ट्रेलियांतील अवर्षणाचें तें एक प्रमुख कारण होय, असें हवामानशास्त्रज्ञ मानतात. त्या वर्षीं भारतांत सरासरीहून अधिक पाऊस झाला, त्याच्या कारणांतहि ते याच स्थितीची गणना करतात. सांगली-कोल्हापूरकडील गांवांनीं महापूर पाहिला तो याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें. तेव्हां ही हकीकत दूर देशची असली, तरी आपला तिच्याशीं कांहींच संबंध नाहीं असें नाहीं.

मनुष्येतर प्राण्यांची जी हानि झाली तिचा अंदाज सिडनी विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालीं जुलै २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. सुमारें ३०० कोटी पृष्ठवंशीय प्राणी या वणव्यांत मेले अथवा निराश्रित झाले. त्यांत १४ कोटी ३० लाख सस्तन प्राणी, १८ कोटी पक्षी, ५ कोटी १० लाख बेडूक आणि २४६ कोटी सरपटणारे प्राणी होते. असले आंकडे वाचून मन हेलावत नाहीं. तें बधिर होतें. म्हणून आपण एका लहान जागेकडे वळूं.

कोआला हा निलगिरीच्या जातीच्या झाडांवर राहणारा व त्यांचींच पानें खाऊन जगणारा संथ प्राणी आहे. संकट आलें कीं झाडावर आणखी वर चढावें, एवढाच उपाय त्याच्या जातीस ठाऊक आहे. आग लहान असून बुंध्याखालून निघून गेली, तर हा उपाय पुरतो. परंतु निलगिरीच्या पानांत तेल असतें, आणि मोठा वणवा झाडांच्या शेंड्यांवरून धांवतो. त्यांतूनहि जो वांचतो, तो मग धुमसत्या बुंध्यावरून खालीं उतरूं लागतो व त्याचे पंजे भाजतात. पंजे भाजलेल्या कोआलास पुन्हां झाडावर चढतां येत नाहीं, आणि जमिनीवर त्याचें अन्न नाहीं. अशा प्राण्यांसाठीं न्यू साऊथ वेल्स प्रांतांत पोर्ट मॅक्वारी येथें १९७३ पासून एक रुग्णालय चालत आलें आहे. दक्षिण किनाऱ्याजवळील कांगारू बेटाचा जवळजवळ निम्मा भाग जळाला, तेव्हां तेथील पारंडाना गांवाजवळच्या एका प्राण्यांच्या उद्यानाचेंहि रूपांतर थोड्याच दिवसांत रुग्णालयांत झालें. धुण्याचे कपडे ठेवण्याच्या टोपल्यांत पंजांस पट्ट्या बांधलेले कोआला रांगेनें बसविलेले आहेत, असें दृश्य तेथें त्या जानेवारींत दिसत होतें. त्या काळांत सहाशेंहून अधिक कोआलांवर तेथें उपचार झाले.

तिसरें ठिकाण मोगो. हें न्यू साऊथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एक लहानसें गांव असून तेथें एक प्राणिसंग्रहालय आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं वणवा गांवावर चालून आला व लोकांस गांव सोडून जाण्याचा हुकूम झाला. संग्रहालयांत सुमारें दोनशें प्राणी होते. ते हलविण्यास ना वेळ होता, ना वाहनें होतीं, ना नेण्यास जागा होती. तेव्हां सुमारें पंधरा सेवक मागें राहिले. सिंह, वाघ, ओरांगउटान यांस त्यांच्या रात्रीच्या पक्क्या कोठड्यांत घालण्यांत आलें. लहान माकडें, तांबडे पांडा यांसारखे नाजूक प्राणी संग्रहालयाच्या प्रमुखानें आपल्या राहत्या घरांत नेऊन खोल्याखोल्यांतून ठेविले. दिवसाढवळ्या आकाश काळवंडलें. जेथें ठिणगी पडे तेथें हे लोक गाडीवरील टांकीचें पाणी नेऊन ती विझवीत राहिले. गांवांतील अनेक इमारतींची राख झाली. संग्रहालयांतील एकहि प्राणी दगावला नाहीं.

हे पंधरा लोक मागें कां राहिले? दयेमुळें, असें उत्तर सहज सुचतें. मला तें अपुरें वाटतें. दया ही भावना थोर आहे यांत शंका नाहीं. पण ती आपल्या सोयीनें येते, सोयीनें जाते, आणि मुख्य म्हणजे ती चेहरा पाहते. पोर्ट मॅक्वारीच्या रुग्णालयानें रानांत पाण्याचीं भांडीं बसविण्यासाठीं पंचवीस हजार डॉलरांची याचना केली, तेव्हां जगभरांतून सत्तर लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. त्या देणगीदारांचें औदार्य खोटें नव्हतें. तथापि कोआलाचें गोल तोंड व बाळासारखे डोळे यांचा त्या औदार्यांत केवढा वांटा होता, हें ज्याचें त्यानें मनाशीं पाहावें. २४६ कोटी सरड्या-पालींसाठीं आणि सापांसाठीं कोणी अश्रु ढाळल्याचें ऐकिवांत नाहीं. नीतीचा पाया एवढ्या चंचल भूमीवर घालतां येत नाहीं, हें ओळखूनच विचारवंतांनीं अन्य आधार शोधले. बेंथॅमनें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, प्राण्यास बुद्धि आहे कीं नाहीं, वाचा आहे कीं नाहीं, हे प्रश्न गौण होत. त्यास दुःख होतें कीं नाहीं एवढेंच पाहावें. कांटनें याच्या उलट बाजूस जाऊन प्राण्यांविषयीं आपलें कर्तव्य हें वस्तुतः मनुष्यांविषयींच्या कर्तव्याचीच छाया आहे, असें मानिलें. जो जनावराशीं क्रूरपणें वागतो तो माणसाशींहि तसाच वागूं लागेल, म्हणून त्यानें तसें वागूं नये. पण मोगोच्या कुंपणांत उभ्या असलेल्या मनुष्यास या दोन्ही उपपत्ति पुरत नाहींत. बेंथॅमचा नियम लावला, तर कुंपणाबाहेर रानांत जळणाऱ्या कांगारूचें दुःख व आंतील जिराफाचें दुःख हीं तंतोतंत सारखीं ठरतात. मग आंतल्यासाठींच जीव धोक्यांत कां घालावा? कांटचा नियम लावला, तर घर गांठून शेजाऱ्यास मदत करणें अधिक श्रेयस्कर ठरेल.

माझ्या मतें फरक कुंपणानें पडतो. रानांतील कांगारूस पळण्याची मोकळीक आहे. तो जळेल किंवा वांचेल. पण आपल्या पायांवर विसंबण्याचा त्याचा जन्मसिद्ध उपाय त्याच्यापाशीं शिल्लक आहे. कुंपणांतल्या प्राण्यापासून हा उपाय आपण काढून घेतलेला असतो. तो चांगल्या हेतूनें काढून घेतला असेल. प्राणी जखमी असेल, अनाथ असेल, त्याची जात नष्ट होऊं नये म्हणून ठेविला असेल. हेतु कसाहि असो, ज्या क्षणीं आपण दार लावलें, त्या क्षणीं त्याच्या पळण्याची जबाबदारी आपल्या अंगावर आली. येथें दयेची जागा ऋण घेतें. दया न केल्यास मनुष्य कठोर ठरेल, पण तो कोणाचें देणें बुडवीत नाहीं. ऋण न फेडल्यास मात्र तो बुडव्या ठरतो. शेतकरी आधीं दावीं तोडतो, त्याचेंहि कारण हेंच असावें. दावें त्यानेंच बांधलें होतें.

हा भेद स्पष्ट करण्यास त्याच वणव्यांतील एक गोष्ट उपयोगी पडेल. वाँबट नांवाचा एक जाडजूड प्राणी ऑस्ट्रेलियांत लांबलांब बिळें खणून राहतो. जानेवारी २०२० मध्यें अशी वार्ता जगभर पसरली कीं, हे वाँबट इतर लहान प्राण्यांस हांकीत आणून आपल्या बिळांत आश्रय देत आहेत. वार्ता गोड होती, पण खरी नव्हती. वाँबट कोणास बोलावीत नाहीं. इतकेंच खरें कीं, त्याचीं बिळें मोठीं असतात, त्यांचीं तोंडें उघडीं असतात, आणि इतर प्राणी त्यांचा उपयोग करतात. अशा बिळानें एखाद्याचा जीव वांचला तर वाँबटाचें पुण्य नाहीं. न वांचला तर त्याचा दोषहि नाहीं. कारण त्यानें दार लावलेलें नाहीं. मनुष्याचा आश्रय मात्र प्रायः दार लावूनच दिलेला असतो.

आपल्या परंपरेंत हा विचार नवा नाहीं. महाभारताच्या शेवटीं इंद्र युधिष्ठिरास कुत्रा सोडून रथांत बस असें म्हणतो, तेव्हां युधिष्ठिर कुत्र्याच्या दुःखाचें वर्णन करीत बसत नाहीं; जो आपला भक्त होऊन मागें आला, त्याचा त्याग हें महापातक होय, असें तो सांगतो. म्हणजे त्याचा भर संबंधावर आहे. मुंबईस १८३२ सालीं मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या मुळाशीं दया होती हें उघड आहे. परंतु पांजरपोळ एकदां उभी राहिली कीं दयेचा अंमल संपतो आणि व्यवस्थेचा सुरू होतो: चारा, पाणी, छप्पर, आणि आग लागली तर काय करावयाचें याचा विचार. ज्यांस एवढें झेपत नाहीं त्यांनीं दयेच्या भरांत दार लावूं नये.

आतां येथें एक अडचण उपस्थित होते. शेतकरी दावें तोडून मोकळा होतो. सिंहाच्या कोठडीचें दार उघडतां येत नाहीं. उघडल्यास गांवांतील माणसें धोक्यांत येतील, आणि जन्मभर पिंजऱ्यांत वाढलेला प्राणी बाहेर जगेलच असेंहि नाहीं. पट्ट्या बांधलेल्या कोआलास मोकळें सोडणें म्हणजे तर त्यास मारणेंच. जेथें दावें तोडतां येत नाहीं, तेथें बांधणाऱ्यानें त्याच खुंट्याशीं उभें राहिलें पाहिजे, असाच निष्कर्ष निघतो. आणि मोगोच्या सेवकांनीं तोच आचरणांत आणिला. परंतु या निष्कर्षासहि मर्यादा घातली पाहिजे. ज्यानें दार लावलें त्यानें आपला जीव धोक्यांत घालावा कीं नाहीं, हें त्यानेंच ठरवावें. दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार त्यास या ऋणानें मिळत नाहीं. त्या वणव्यांत मेलेल्या नऊ आग विझविणाऱ्यांनाहि घरें होतीं, आणि त्यांची वाट पाहणारीं माणसें होतीं. प्राण्यांच्या प्रेमाखातर कोणा तरुण सेवकास ‘तूं मागें राहा’ असा हुकूम करणारा व्यवस्थापक हा आपलें ऋण दुसऱ्याच्या खिशांतून फेडणारा मनुष्य होय.

सर्वांस वांचवितां येत नसेल, तर कोणास वांचवावें? हा प्रश्न महाभारतकारांनीं खांडववनाच्या दहनांत फार तीव्र स्वरूपांत मांडला आहे. अग्नीची भूक भागावी म्हणून कृष्णार्जुनांनीं तें वन चहूंकडून कोंडलें आणि पळणाऱ्या प्राण्यांस आंत लोटलें. या कृत्याकडे इरावती कर्वे यांनीं ‘युगान्त’मध्यें किती कठोर दृष्टीनें पाहिलें आहे, हें मराठी वाचकांस ठाऊक आहेच. त्या आगींत जरिता नांवाची पक्षीण आपल्या चार पिलांसह सांपडली. पिलांस पंख फुटलेले नाहींत, आणि चौघांस उचलून नेण्याचें बळ तिच्यांत नाहीं. तीं उंदराच्या बिळांत शिरावींत, आपण वरून माती लोटूं, असें ती सुचविते. पिलें ऐकत नाहींत. उंदरानें खाण्यापेक्षां अग्नीनें जाळलेलें बरें, असें त्यांचें म्हणणें. उलट तींच आईस सांगतात कीं, तूं उडून जा, तूं जगलीस तर तुला पुन्हां मुलें होतील. आणि ती जाते. कथेंत अग्नि प्रसन्न होऊन पिलांस सोडतो. परंतु कथेचा हा गोड शेवट क्षणभर बाजूस ठेवला, तर उरतें तें असें: आईनेंहि, एका मर्यादेनंतर, उडून जाणें हा अधर्म नव्हे. तिनें आधीं प्रत्येक उपाय करून पाहिला, एवढीच अट आहे.

कांगारू बेटावरील वैद्यांपुढें हीच निवड दिवसांतून अनेकदां उभी राही. आणलेल्या प्राण्यांपैकीं कोण बरा होण्याजोगा आहे आणि कोणास वेदनारहित मरण देणें हेंच त्याच्या हिताचें आहे, हें त्यांस ठरवावें लागे. आणि पुष्कळांच्या वांट्यास दुसरा निर्णय आला. पोर्ट मॅक्वारीच्या रुग्णालयांतील ‘लुईस’ या कोआलाची कथा तर सर्वश्रुत आहे. एका स्त्रीनें जळत्या रानांत धांवत जाऊन, अंगांतील सदरा काढून त्यांत त्यास गुंडाळून बाहेर आणिलें. तें चित्र लाखों लोकांनीं पाहिलें. कांहीं दिवस उपचार झाले. परंतु जखमा भरून येईनात, उलट बळावूं लागल्या, तेव्हां २६ नोव्हेंबर २०१९ रोजीं रुग्णालयानें त्यास कायमचें निजविलें. ज्यास एवढ्या धाडसानें वांचविलें त्यास आपल्याच हातानें मारावें, ही गोष्ट अनेकांस विसंगत वाटली.

या प्रसंगीं १९२८ सालच्या साबरमती आश्रमाची आठवण होते. तेथील एक वासरूं असाध्य आजारानें तळमळत होतें. गांधीजींनीं वैद्याकडून सुई टोंचवून त्यास मरण देवविलें, आणि तें स्वतः प्रसिद्ध करून त्याचें समर्थन केलें. अहिंसेच्या आचार्यानें गोवत्साचा वध करविला म्हणून त्यांच्यावर संतप्त पत्रांचा भडिमार झाला. त्यांच्या समर्थनाचें सार असें कीं, मारणाऱ्याचा स्वार्थ अथवा क्रोध ज्याच्या मुळाशीं आहे ती हिंसा; ज्यांत केवळ मरणाऱ्याचेंच हित पाहिलें आहे, तें कृत्य बाह्यतः सारखें दिसलें तरी हिंसा नव्हे. हा निकष नाजूक आहे यांत संशय नाहीं. आपण ज्याचें ओझें वाहून थकलों त्याचेंच हित मरणांत आहे असें मनास पटविणें मनुष्यास फार सोपें जातें. परंतु निकष नाजूक असल्यामुळें तो टाकून द्यावा असें होत नाहीं. ‘लुईस’ला मरूं न देतां वेदनेंत आणखी ठेविलें असतें, तर त्यानें त्या प्राण्याचें ऋण फिटलें नसतें, पाहणाऱ्या लाखोंचें समाधान तेवढें झालें असतें. पांजरपोळीच्या दारांत हाच प्रश्न रोज उभा असतो, आणि ‘आम्ही जीव घेत नाहीं’ एवढें म्हणून त्यांतून सुटका होत नाहीं.

याच निकषावर कांगारू बेटाचा आणखी एक प्रकार घांसून पाहण्याजोगा आहे. कोआला त्या बेटावरचा मूळचा रहिवासी नव्हे. मुख्य भूमीवर त्याची शिकार होऊन तो नाहींसा होईल या भीतीनें १९२० नंतरच्या दशकांत अवघे अठरा कोआला व्हिक्टोरियांतून तेथें आणून सोडले गेले. त्यांची संतति वाढत वाढत वणव्यापूर्वीं सुमारें पन्नास हजारांवर गेली. झाडें ओरबाडलीं जाऊं लागलीं, म्हणून १९९० नंतरच्या दशकापासून त्यांचें निर्बीजीकरण चालूं झालें. कांहीं कोआला गोळी घालून कमी करावेत अशी सूचनाहि पुढें आली होती व सरकारनें ती फेटाळली होती. असे हे नकोसे झालेले प्राणी वणव्यांत बहुसंख्येनें मेले, आणि उरलेल्यांस वांचविण्यासाठीं देशोदेशींचे लोक धांवले. यावर कोणी कुत्सितपणें हंसेल कीं, काल जे उपद्रवी होते ते आज एकाएकीं पूज्य झाले! पण ऋणाच्या दृष्टीनें पाहिल्यास यांत विसंगति नाहीं. त्यांस बेटावर आणिलें मनुष्यानें. चहूंकडे समुद्र असल्यामुळें तेथून त्यांस पळतां येणार नाहीं, हेंहि आणणाऱ्यास ठाऊक होतें. समुद्र हेंच तेथलें कुंपण. संख्या जास्त झाली म्हणून देणें बुडत नसतें.

आग लागल्यावर दाखविलेलें शौर्य आपणांस दिसतें, त्याचीं चित्रें छापलीं जातात. वस्तुतः हें ऋण फेडावयाचें असतें तें आग लागण्यापूर्वीं. मोगोचे प्राणी वांचले, त्यांत त्या दिवसाच्या धैर्याइतकाच वांटा आधीं आंखून ठेवलेल्या योजनेचा होता: पाण्याचा सांठा, पंप, कोणता प्राणी कोठें हलवावयाचा याची ठरलेली वांटणी. या कामांत रस असा नाहीं. वाळलेलें गवत कापणें, टांकी भरली आहे कीं नाहीं हें पाहणें, कुलपांच्या किल्ल्या जागच्या जागीं ठेवणें, यांवर कोणी काव्य करणार नाहीं. पण आश्रय देणाऱ्याची परीक्षा करावयाची झाली तर ती मी या गोष्टींवरून करीन. आपल्याकडे जुन्नरजवळ माणिकडोह येथें उसाच्या फडांतून पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा-केंद्र आहे. त्यांतील कित्येकांस पुन्हां रानांत सोडणें शक्य नसल्यामुळें ते तेथेंच आयुष्य काढतात. वणवा सह्याद्रीसहि नवा नाहीं. अशा प्रत्येक संस्थेकडे पाहतांना ‘किती प्राण्यांस आश्रय दिला’ याबरोबरच ‘आग आली तर त्यांचें काय’ हेंहि विचारण्याची संवय देणगीदारांनीं व पाहुण्यांनीं लावून घेतली पाहिजे.

येथवरचा विचार वाचकांस मान्य झाला, तर त्याचें एक अटळ अनुमान पुढें येतें, आणि तें फारसें सुखावह नाहीं. कुंपण म्हणजे केवळ तारेची जाळी नव्हे. ज्यानें प्राण्याचा पळण्याचा मार्ग बंद होतो तें सर्व कुंपणच. रानाच्या चहूं बाजूंस शेतें, रस्ते, वसाहती झाल्या कीं, मधल्या तुकड्यांत राहिलेला प्राणी पिंजऱ्यांत नसूनहि कोंडलेला असतो. पूर्वीं एका खोऱ्यांत वणवा लागला, तर दुसऱ्या खोऱ्यांतून प्राणी येऊन तें पुन्हां भरे. आतां मधला दुवाच तुटलेला असतो. कोआलाची स्थिति अशीच होत गेली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें क्वीन्सलंड, न्यू साऊथ वेल्स व राजधानीचा प्रदेश येथें त्याची गणना नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत करण्यांत आली. शिवाय आग ही सर्वस्वी दैवी आपत्ति आहे असें म्हणण्याचीहि सोय आतां उरलेली नाहीं. ठिणगी पुष्कळदां विजेची असते हें खरें. पण मार्च २०२० मध्यें शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें दाखवून दिलें कीं, मनुष्यानें वाढविलेल्या उष्णतेमुळें तसल्या भडक्यास पोषक अशा हवेचा संभव निदान ३० टक्क्यांनीं वाढला आहे. अरण्याभोंवतीं दार आपणच लावलें, आणि आंतील हवा तापविण्यांतहि आपलाच हात आहे. अशा स्थितींत रानांतील कांगारूस ‘तुझे पाय तुला आहेत’ असें सांगून मोकळें होणें, जें मीं वर क्षणभर केलें, तें दिवसेंदिवस कठीण होत जाणार आहे.

याचा अर्थ प्रत्येक मनुष्यानें प्रत्येक प्राण्यासाठीं आगींत उडी घ्यावी असा नव्हे. तसला उपदेश करणें सोपें, आणि तो कोणी पाळीत नाहीं हेंहि सर्वांस ठाऊक असतें. अर्थ इतकाच कीं, आपण ज्यास भूतदया म्हणतों, तींतील पुष्कळ भाग हा दान नसून परतफेड आहे. दान दिल्यावर मनुष्य कृतज्ञतेची अपेक्षा करतो, थकला कीं थांबतो, आणि थांबल्याबद्दल त्यास कोणी दोष देत नाहीं. परतफेड करणाऱ्यास हिशेब पुरा होईपर्यंत थांबतां येत नाहीं. कांगारू बेटावरील जे कोआला बरे झाले, ते पुढें रानांत सोडण्यांत आले. त्यांच्या पंजांवरील पट्ट्या सोडणें वैद्यांच्या हातीं होतें. सोडल्यावर चढावयास पानें असलेलें झाड सांपडेल कीं नाहीं, हें त्यांच्या हातीं नव्हतें. तें ज्यांच्या हातीं आहे, ते त्या रुग्णालयापासून हजारों मैल दूर राहतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांस आपण कोणाचें कांहीं देणें लागतों याची जाणीवहि नाहीं.